कागदावरचं ‘साल’ कोणतं, ते आधी विचारा

बेळगावच्या खडेबाजारात ‘साल’ हा शब्द सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कानावर पडतो, आणि दर वेळी तो एकच शब्द असतो असं नाही. केळीच्या गाडीवर ती साल असते. जुनी खतावणी चाळणाऱ्या दुकानदाराच्या तोंडी ते साल असतं. आणि गोकाक-हुक्केरीकडून लग्नाचा बस्ता बांधायला आलेला पाहुणा शेजारच्याला हळूच ‘साल माडेनि’ म्हणतो, तेव्हा त्यानं कर्ज काढलेलं असतं. पहिला शब्द प्राकृतातून आलेला, दुसरा फारसीतून, तिसरा कन्नड. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आपल्या भागातल्या मराठी माणसाला हा शब्द पैशाच्या कागदावर भेटतो आणि त्या कागदाखाली सही त्याची असते, म्हणून सांगतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि कचेरीतला कागद हळूहळू कन्नडमध्ये आला. त्याबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो. घरात, शेतात, देवळात मराठी बोलणारा निपाणीकडचा शेतकरी सोसायटीत जातो, तेव्हा त्याच्यापुढे येणारा कागद कन्नड असतो. कुणीतरी तो मोठ्यानं वाचून दाखवतं. वाचणारा घाईत, ऐकणारा संकोचात. ओळ साधारण अशी असते : ‘२०२४-२५ने सालिन बेळे साल’.

ही ओळ नीट फोडून बघा, कारण तिच्यात साल दोनदा आलं आहे आणि दोन्ही वेळा वेगळं आहे. ‘२०२४-२५ने’ मधला ‘ने’ हा आपला ‘रामाने’ मधला ‘ने’ नव्हे. पाचवा, दहावा म्हणताना आपण जो ‘वा’ लावतो, त्याचं काम कन्नडमध्ये हा ‘ने’ करतो. ‘सालिन’ म्हणजे सालाचं, वर्षाचं. हे साल आपलंच, म्हणजे फारसीतून आलेलं. कन्नड कचेरीनंही ते उचललं आणि शेवटी ‘उ’ लावून ‘सालु’ केलं. ‘बेळे’ म्हणजे पीक. आणि शेवटचं ‘साल’ म्हणजे कर्ज. सगळी ओळ मिळून अर्थ : २०२४-२५ या वर्षाचं पीककर्ज. मराठी कान मात्र पहिलं साल ओळखीचं म्हणून पकडतो आणि दुसरंही त्याच खात्यात टाकतो. ‘पिकाचं वर्ष’ असं काहीतरी समजून माणूस मान डोलावतो.

‘बेळे’चाही एक घोळ आहे. कन्नडमध्ये ‘ए’ ऱ्हस्व आणि दीर्घ असा दोन प्रकारचा असतो, आणि आपल्या देवनागरीत ऱ्हस्व ‘ए’ला चिन्हच नाही. त्यामुळे ऱ्हस्व ‘ए’चं बेळे म्हणजे पीक आणि दीर्घ ‘ए’चं बेळे म्हणजे डाळ, ही दोन्ही आपण लिहिताना सारखीच लिहितो. शिवाय ‘ल’चं बेले म्हणजे किंमत. ल आणि ळ मात्र आपल्याला वेगळे ऐकू येतात, हिंदीवाल्याची तिथं तारांबळ उडते. डाळीवर कर्ज कुणी देत नाही, म्हणून कागदावर या घोळानं फारसं बिघडत नाही. किराणा दुकानात बिघडतं.

आता कामाची गोष्ट. कन्नडमध्ये शब्दाच्या शेपटीकडे लक्ष द्यायचं. ‘सालिन’ ऐकलं तर तो वर्षाचा किंवा रांगेचा विषय आहे (कन्नडमध्ये ‘सालु’ म्हणजे रांगही). ‘सालद’ ऐकलं तर तो कर्जाचा. सालद मोत्त म्हणजे कर्जाची रक्कम. चिन्नद साल म्हणजे सोनेतारण कर्ज, गृह साल म्हणजे घरकर्ज, साल मन्ना म्हणजे कर्जमाफी. सालगार म्हणजे कर्जदार, ऋणको. हा शब्द तुमच्या नावापुढे आला की समजून जा. आपल्याकडच्या सालगड्याशी त्याचा गोंधळ करू नका. सालगडी वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी; त्यातलं साल फारसी. व्यवहारात मात्र हा गडी अनेकदा मालकाकडून उचल घेतलेला असतो आणि ती फिटेपर्यंत सुटत नाही. म्हणजे मराठीतला सालगडी बऱ्याचदा कन्नड अर्थानंही सालगारच असतो. शब्दांचं नातं नसताना माणसाच्या नशिबात दोन्ही एकत्र आले.

त्याच कागदावर आणखी तीन-चार शब्द भेटतील. ‘बड्डी’ म्हणजे व्याज. ‘असलु’ म्हणजे मुद्दल. आपल्या ‘अस्सल’चा हा सख्खा भाऊ, दोन्ही अरबीतून आलेले. ‘कंतु’ म्हणजे हप्ता. ‘जामीनु’ म्हणजे जामीन, इथं काही फसगत नाही. सोसायटीच्या पाटीवर ‘पत्तिन’ असा शब्द दिसेल. तो पतीचाच, पण नवऱ्याचा नव्हे, बाजारातल्या पतीचा. एवढे शब्द घरातल्या एका तरी माणसाला तोंडपाठ असावेत. कन्नड लिपी येत नसेल तर एका वहीच्या पानावर देवनागरीत लिहून ठेवा आणि ते पान बँकेच्या पासबुकात घाला.

यापुढे जाऊन एक हक्कही सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं कर्जदाराला ‘मुख्य तथ्य विवरण’ दिलंच पाहिजे. व्याज, सगळे आकार आणि सगळं धरून वर्षाला पडणारा दर त्यात लिहिलेला असतो. महत्त्वाचं म्हणजे ते विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं, समजावून सांगावं लागतं आणि समजल्याची त्याची पोच घ्यावी लागते. त्यात न दाखवलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. समजणारी भाषा कोणती, हे तुम्ही सांगायचं. ‘मला मराठी कळतं, मराठीत द्या’ हे वाक्य बोलायला लाजू नका. याला भाषेचं राजकारण कुणी म्हणणार नाही, हा पैशाचा हिशेब आहे. गावच्या प्राथमिक शेती सोसायट्या रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, तिथं हा नियम पुढे करता येणार नाही. तिथं सचिव बहुधा ओळखीचा असतो. त्याला समोर बसवून एकेक ओळ मराठीत वदवून घ्या. घरोघर बायकांचे गट करून कर्ज वाटणाऱ्या मंडळींबाबत तर दुप्पट सावध राहा. त्यांच्या वसुलीच्या जाचाला आळा घालण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला अध्यादेश काढावा लागला, यातच काय ते आलं.

कागदाचं झालं. आता कानाचं.

आपण मराठी माणसं शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो. लिहितो ‘साल’, म्हणतो ‘साल्’. कन्नड माणूस तो ‘अ’ पुरा उच्चारतो, आणि धारवाड-बेळगावकडे थोडा लांबवतोही. त्यामुळे त्याचं ‘साल’ आपल्या कानाला ‘साला’ लागतं. कुणी दुकानात येऊन गरिबीनं कर्जाची किंवा उधारीची गोष्ट काढतो आणि गल्ल्यावरच्या पोराला वाटतं, हा शिवी देतोय. हिंदीतला ‘साला’ म्हणजे बायकोचा भाऊ, संस्कृतातल्या श्यालाचा वंशज. त्याची शिवी कशी झाली ती कहाणी वेगळी. कन्नड गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो. पोरांना हे शिकवून ठेवा. बाजारात अर्धी भांडणं शब्दांवरून होत नाहीत, ती ऐकण्यावरून होतात.

मराठीनं स्वतःपुरती एक सोय केलेली आहे. ‘ते साल’ म्हटलं की वर्ष, ‘ती साल’ म्हटलं की फळाची. लिंगावरून आपण क्षणात ओळखतो. पण कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, त्यामुळे घरात कन्नड बोलणारा माणूस मराठी बोलू लागला की ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांची सरमिसळ होते. पु. लं.नी रंगवलेले बेळगावचे रावसाहेब ज्यांनी वाचले-ऐकले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपण हसतो, हसावं. पण त्याच वेळी लक्षात ठेवावं की अशा माणसाच्या तोंडी लिंगाची खूण भरवशाची नाही. तिथं वाक्यातला शेजारचा शब्द बघायचा. शेजारी केळं आहे, की तारीख आहे, की रक्कम आहे?

आपल्याकडे अशा सारख्या वाजणाऱ्या शब्दांच्या जोड्या चिक्कार आहेत. ‘बाई’ म्हणून तुम्ही शिक्षिकेला हाक मारता, कन्नड मुलाला ‘बायि’ म्हणजे तोंड ऐकू येतं. आपली ‘माडी’ वरचा मजला, त्यांचं ‘माडि’ म्हणजे ‘करा’. ‘काय’ विचारलं तर तिकडे ‘कायि’ म्हणजे नारळ, नाहीतर कच्चं फळ. ‘अन्न’ म्हणजे आपल्याला सगळं जेवण, त्यांना नुसता भात. आणि जेवायला बोलावणारा तर ‘अण्णा’. आपले ‘हाल’ अरबी, त्यांचा ‘हालु’ म्हणजे दूध. ‘सरी’ म्हटलं की आपल्याला उसाची सरी आठवते, नाहीतर पावसाच्या सरी. कन्नड माणूस ‘सरि’ म्हणाला तर तो फक्त ‘बरोबर’ म्हणाला. आणि सालाचंच सांगायचं तर, हुलिकल ते कुदूर या रस्त्याच्या कडेनं वडाची ३८५ झाडं लावून जगवणाऱ्या, २०१९ साली पद्मश्री मिळालेल्या सालुमरद तिम्मक्का. मराठी वाचकाला त्यांच्या नावात सालवृक्ष दिसतो. तिथं साल नाही; ‘सालु’ म्हणजे रांग, ‘मर’ म्हणजे झाड. झाडांच्या रांगांची तिम्मक्का.

इथवर कुणाचा वाद नसावा. पण आपल्या भागात शब्द हा मालकीचा विषय आहे, आणि तिथं माझं दुसरं सांगणं आहे. शब्द सारखा वाजला म्हणजे तो आपल्यातून गेला किंवा त्यांच्यातून आला, असं चहाच्या कपावर ठरवून टाकू नका. शब्दांची नाती आवाजावरून ठरत नसतात. ती ठरतात नियमानं.

नियम म्हणजे काय, ते आपल्या फळाच्या सालीवरूनच बघा. हिंदीत तिला ‘छाल’ म्हणतात. हिंदीत ‘छुरी’, मराठीत ‘सुरी’. संस्कृतात ‘छाया’, मराठीत ‘सावली’. म्हणजे जुन्या ‘छ’चा मराठीत ‘स’ होतो, आणि तो एकदाच नव्हे तर रांगेनं होतो. म्हणून साल आणि छाल बहिणी, वाजायला वेगळ्या असल्या तरी. कन्नडमध्ये अशीच एक रांग आहे : तमिळमधला ‘प’ तिथं ‘ह’ होतो. तमिळ पाल, कन्नड हालु, अर्थ दूध. तमिळ पुलि, कन्नड हुलि, अर्थ वाघ. संस्कृत ‘पण’ हे नाणं, त्याचं कन्नड ‘हण’ झालं, म्हणजे पैसा. आपल्या ‘हाण’शी त्याचं नातं नाही, कितीही वेळा पैशावरून हाणामारी झाली तरी.

आता वर्षाचं साल घ्या. ते फारसी, म्हणून परकं, असं आपण सहज म्हणतो. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी साल मराठीतून हललं नाही. सालाबादप्रमाणे आजही गावोगावच्या जत्रेच्या पत्रिकेवर छापलं जातं. गंमत अशी की हे साल म्हणजे संस्कृत ‘शरद्’चं चुलतभावंड आहे. जुन्या इराणी भाषेतला ‘र्द’ पुढे फारसीत ‘ल’ झाला. हृदयातलं ‘हृद्’ आणि फारसी ‘दिल’ हीसुद्धा तशीच जोडी. वेदांत शंभर वर्षांचं आयुष्य मागताना शंभर शरद मागितले आहेत, म्हणजे शरद तिथंही वर्षच. तेव्हा ज्याला आपण परका ठरवला तो भाऊबंद निघाला, आणि जो तंतोतंत आपल्यासारखा वाजतो, तो कन्नड ‘साल’, त्याचा आपल्या सालाशी संबंध नाही. व्याजाची ‘बड्डी’ मात्र संस्कृत ‘वृद्धी’तून आली, आपली ‘वाढ’ही त्याच मुळातली. दाण्याच्या कर्जावर ‘वाढी’ घेणारे जुने सावकार आणि आजची ‘बड्डी’ एकाच घराण्यातले.

घाट उतरून गोव्यात गेलात तर आणखी एक साल भेटेल. जुन्या ख्रिस्ती घरांतल्या मोठ्या दिवाणखान्याला कोकणीत साल म्हणतात. ते पोर्तुगीज ‘साला’. पोर्तुगिजांनी तो शब्द जर्मन कुळातून घेतला, जर्मनमध्ये अजूनही सभागृहाला तसाच शब्द आहे. त्याच पोर्तुगिजीत ‘साल’ म्हणजे मीठ, लॅटिनमधून आलेलं, आणि इंग्रजी ‘सॅलरी’च्या पोटात तेच मीठ आहे. (आपला ‘पगार’ही पोर्तुगीजच, त्यात मात्र मीठ नाही.) म्हणून कुणी ‘साल्सेत’ म्हणजे मिठागरांचा प्रदेश असं सांगू लागला तर ऐकू नका. ते सासष्टीचं, सहासष्ट गावांचं, पोर्तुगीज वळण आहे. तुर्कीत ‘साल’ म्हणजे तराफा. बुद्धाचं महापरिनिर्वाण झालं ते कुशीनगरला जोड सालवृक्षांखाली. तो साल म्हणजे संस्कृत शाल. तोंडाला उच्चारायला सोपे आवाज जगात मोजकेच आणि भाषा हजारो. सारखे शब्द निघणारच. न निघते तर नवल.

खुद्द खडेबाजाराचं घ्या. मराठी माणसाला खडे म्हटलं की बारीक दगड दिसतात, हौशी माणसाला अंगठीतले खडे. हिंदी-दख्खनी बोलणाऱ्याला खडे म्हणजे उभे. कन्नडवाला ‘ख’ हलका करून ‘कडे’ म्हणाला तर त्याच्या भाषेत ती बाजू किंवा शेवट. तमिळ माणूस बोलताना ‘कडे’ म्हणतो ते दुकानाला, आणि बाजारात त्याला तेच खरं वाटेल. प्रत्येकाला आपला अर्थ उघड सत्य वाटतो. माझा कौल उभ्या बाजाराला आहे. सावंतवाडीत ‘उभा बाजार’ आहेच, आणि ‘खडा बाजार’ला हिंदी-दख्खनीत ‘में’ किंवा ‘का’ लागलं की आपोआप ‘खडे बाजार’ होतो. तेच रूप जिभेवर बसलेलं दिसतं. पण हा कौल आहे, निकाल नव्हे. निकाल जुन्या दप्तरातल्या नोंदी देतात. तोवर या नावावरून कुणाच्या नावानं खडे फोडायचं कारण नाही. जाता जाता : खडेबाजार बेळगावात आहे तसा शहापुरातही आहे, आणि शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. पार्सलवर गल्लीसोबत ‘बेळगाव’ की ‘शहापूर’ ते लिहीत जा, निम्मी पायपीट वाचेल.

मग करायचं काय? वाद घालायचाच असेल तर आधी कोश उघडा. मराठीला मोल्सवर्थ आहे, पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली १८५७. कन्नडला किट्टेलचा कोश आहे, १८९४ चा. दोन्ही आज फोनवर फुकट वाचायला मिळतात. दोन्ही कोश एकत्र उघडून बसलेल्या माणसाला भांडताना मी पाहिलेलं नाही; तो एकदम गप्प होतो किंवा गोष्टी सांगू लागतो. पाट्या रंगवून घेणाऱ्या दुकानदारांना माझी विनंती अशी की फोनवरच्या भाषांतरावर पाटी रंगवू नका. फोनला खडेबाजार माहीत नाही. ‘साल’ टाकलं तर तो वर्ष देईल की सालपट, ते त्याच्या मर्जीवर. शेजारच्या दुकानातल्या कन्नड माणसाला विचारा. तोही मराठी पाटीसाठी तुम्हाला विचारील.

आणि मुलांना कन्नड नीट शिकू द्या, लिपीसकट. त्यानं मराठी कमी होत नाही. धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरात मराठी होती आणि ‘नाकुतंती’साठी १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना कन्नडमध्ये मिळालं. आपल्या पोरांनी ज्ञानपीठापर्यंत पोचावं असा आग्रह नाही. आजोबांच्या कर्जाचा कागद त्यांना वाचता यावा, एवढं पुरे.

पेरणीआधी पुन्हा कागद यायला लागतील. त्यावर ‘साल’ दिसलं की बोट ठेवून विचारा, हे कोणतं? सालिन की सालद? व्याज किती, हप्ते किती, जामीन कोण, हे मराठीत लिहून मागा. आणि ते हातात पडल्याशिवाय सही करू नका, अंगठाही देऊ नका.